भारतीय पासपोर्टवर परदेशात इंग्रजी शिकवायचं आहे? पात्रता, कागदपत्रं आणि कामाचा परवाना

परदेशात इंग्रजी शिकवण्याच्या नोकऱ्यांच्या जाहिराती चाळल्या की एक ओळ हमखास दिसते: ‘फक्त नेटिव्ह स्पीकर’, म्हणजे ज्यांची मातृभाषाच इंग्रजी आहे असे. बरेच जण तिथंच नाद सोडतात. काही जण ती ओळ वाचलीच नाही असं धरून पन्नास ठिकाणी अर्ज टाकतात. दोघांचंही नुकसान होतं, कारण ही ओळ काही देशांत कायदा असते आणि काही देशांत नुसती शाळेची आवड. आवड बदलता येते. मुलाखतीत वीस मिनिटांचा धडा नीट घेऊन दाखवला की मुख्याध्यापकांचं मत फिरतं, हे मी स्वतः अनुभवलं आहे. कायद्यापुढे मात्र तुमचा धडा कितीही रंगला तरी उपयोग नाही. म्हणून कोर्सची फी भरण्याआधी हा फरक समजून घ्या.

मी बी.ए., बी.एड. इंग्रजी घेऊन केलं, सहा वर्षं इकडच्या माध्यमिक शाळेत शिकवलं आणि मग ईशान्य थायलंडमधल्या खोन केन प्रांतात चार वर्षं काढली. त्यामुळे थायलंडबद्दल इथं सविस्तर लिहिलं आहे. बाकी देशांची माहिती, कुठं दार उघडं आहे आणि कुठं बंद, एवढ्यापुरती दिली आहे.

आधी देश ठरवा

दक्षिण कोरियापासून सुरुवात करते, कारण सगळ्यात जास्त विचारणा त्याचीच होते. तिथं इंग्रजी शिक्षकाला ई-२ व्हिसा लागतो आणि तो सात देशांच्या नागरिकांनाच मिळतो: अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका. १ जानेवारी २०१० पासून लागू झालेल्या भारत-कोरिया आर्थिक करारात, पदवी आणि इंग्रजी शिकवण्याचं प्रमाणपत्र असलेल्या भारतीयांना शाळांत सहायक इंग्रजी शिक्षक म्हणून घेण्याची तरतूद आहे. कागदावर तरतूद असली तरी तिच्या भरवशावर आयुष्याची आखणी करू नका, असं मी स्पष्ट सांगेन. खासगी शिकवणीवर्गांना, ज्यांना तिकडे हागवॉन म्हणतात, तुम्हाला घेणं कायद्यानेच शक्य नाही. तिथला कोणी ‘पाठवतो’ म्हणाला तर त्याच्याशी पुढे बोलूच नका.

चीनमध्ये एप्रिल २०१७ पासून परदेशी कर्मचाऱ्यांची अ, ब, क अशी वर्गवारी आहे. भाषाशिक्षकाने आपली मातृभाषा शिकवावी आणि ती भाषा जिथं मातृभाषा आहे त्या देशाचा तो नागरिक असावा, असा तिथला नियम आहे. इंग्रजीसाठी भारत त्या देशांत धरला जात नाही. गणित किंवा विज्ञान इंग्रजीतून शिकवणाऱ्यांची गोष्ट वेगळी.

जपानचा नियम आपल्याकडच्यांनी लक्ष देऊन वाचावा असा आहे. शाळेत परदेशी भाषा शिकवायला ‘इन्स्ट्रक्टर’ प्रकारच्या व्हिसावर जायचं असेल, तर त्या भाषेतून किमान बारा वर्षं शिक्षण झालेलं असावं लागतं. म्हणजे इथं प्रश्न जन्म कुठं झाला हा नसून शिकलात कोणत्या माध्यमात हा आहे. इंग्रजी माध्यमातून पहिली ते बारावी केलेल्या पुण्याच्या मुलीला हे दार उघडं आहे. शाळा-कॉलेजकडून ‘शिक्षणाचं माध्यम इंग्रजी होतं’ असं लेटरहेडवर, शिक्क्यासह लिहून आणलं की झालं. माझ्यासारख्या मराठी माध्यमाच्या मुलीचं काय? अकरावी-बारावीची दोन, बी.ए.ची तीन, एम.ए.ची दोन आणि बी.एड.ची दोन, सगळी वर्षं इंग्रजीत धरली तरी बेरीज नऊच होते. मला हे कळलं त्या दिवशी वाईट वाटलं होतं, पण आधी कळलं म्हणून एक वर्ष वाचलं. खासगी संभाषणवर्गांसाठी जपानचा दुसरा व्हिसा आहे आणि त्याला पदवी लागते. दोन्हींत तिकडची संस्था आधी ‘पात्रता प्रमाणपत्र’ काढून पाठवते, मग तुम्ही इथल्या जपानी दूतावासात अर्ज करता. ते प्रमाणपत्र तीन महिनेच चालतं.

ब्रिटनने २०२३ पासून भारतातल्या प्रशिक्षित शिक्षकांना इंग्लंडच्या शिक्षक दर्जासाठी थेट अर्ज करू दिला आहे, पण तो ११ ते १६ वयोगटाला गणित, विज्ञान किंवा परकीय भाषा शिकवणाऱ्यांसाठी. इंग्रजी त्यात बसत नाही.

राहिले थायलंड, व्हिएतनाम आणि आखाती देश. भारतीय इंग्रजी शिक्षकाला सरळ, कायदेशीर वाट इथं आहे.

बी.एड. की टेफल?

‘मॅडम, एकशेवीस तासांचं ऑनलाइन टेफल केलंय, पुढे काय?’ हा प्रश्न मला सगळ्यात जास्त येतो. टेफल हे एकाच संस्थेच्या कोर्सचं नाव नाही. परभाषा म्हणून इंग्रजी शिकवण्याच्या कोणत्याही प्रशिक्षणाला टेफल म्हणतात, त्यामुळे पाचशे रुपयांचं प्रमाणपत्रही टेफल आणि लाखाचंही टेफल. फरक एका गोष्टीवरून ओळखायचा: खऱ्या विद्यार्थ्यांसमोर तुम्ही शिकवताय आणि मागे बसून कोणीतरी ते तपासतंय, असं त्यात आहे का?

केंब्रिजच्या सेल्टा या कोर्समध्ये ते आहे. सहा तासांचं तपासलेलं प्रत्यक्ष अध्यापन, दोन वेगवेगळ्या पातळ्यांचे विद्यार्थी, अनुभवी शिक्षकांचे तास बघणं आणि चार लेखी कामं. ट्रिनिटीचं सर्ट-टीसॉलही त्याच तोडीचं आहे. ब्रिटनच्या पात्रताश्रेणीत दोन्ही पाचव्या पातळीवर येतात. खर्च मोठा आहे. आपल्याकडचा पर्याय म्हणजे हैदराबादच्या इंग्लिश अँड फॉरेन लँग्वेजेस युनिव्हर्सिटीचा इंग्रजी अध्यापनाचा दूरशिक्षण अभ्यासक्रम. शिकवण्याचा अनुभव असलेल्यांना तो खरोखर काही शिकवून जातो.

पण तुमच्याकडे बी.एड. असेल तर आधी त्याची किंमत ओळखा. शिकवणीवर्गाला टेफल चालतं. जिथं सरकार शिक्षकाला परवाना देतं तिथं शिक्षणशास्त्राची पदवी विचारली जाते. थायलंड आणि अमिरातीत माझ्या बी.एड.ला जेवढा मान मिळाला तेवढा इथं कधी मिळाला नव्हता. पदवीच नसेल तर मात्र वरच्या कोणत्याच देशात कायदेशीर शिक्षक होता येत नाही, टेफल कितीही चांगलं असलं तरी.

इंग्रजीच्या परीक्षेचंही बघून ठेवा. थायलंडमध्ये आपल्यासारख्यांकडून टोइक या इंग्रजीच्या परीक्षेत ९९० पैकी किमान ६०० गुण मागण्याची पद्धत आहे. आयईएलटीएस दिली असेल तर तिचा निकाल दोन वर्षंच ग्राह्य धरतात, म्हणून ती फार आधी देऊन ठेवू नका.

कागदपत्रं: खरा वेळ इथं जातो

कपाटातून पदवी प्रमाणपत्र काढा. अनेकांना या क्षणी कळतं की ते नाहीच. गुणपत्रिका असते, ‘पासिंग सर्टिफिकेट’ असतं, पण पदवीदानाचा अर्ज भरायचा राहिलेला असतो. परदेशात मूळ पदवी प्रमाणपत्रच चालतं. विद्यापीठाकडे आजच अर्ज करा.

आणि पदवी लॅमिनेट करू नका. आपल्याकडे प्रेमाने करतात, माझ्या बाबांनीही केली होती. साक्षांकनाचे शिक्के आणि स्टिकर कागदाच्या पाठीवर लागतात. प्लास्टिकवर शिक्का मारायला कोणी तयार होत नाही. मला विद्यापीठातून दुसरी प्रत काढावी लागली.

आता पासपोर्ट आणि पदवी शेजारी शेजारी ठेवा आणि नाव अक्षर अक्षर जुळवा. आपल्या विद्यापीठांच्या कागदांवर आधी आडनाव, मग स्वतःचं, मग वडिलांचं, कधी त्यापुढे आईचं नाव असतं. पासपोर्टवर आडनाव वेगळ्या रकान्यात. लग्नानंतर नाव बदललं असेल तर पदवी एका बाईची आणि पासपोर्ट दुसऱ्या बाईचा, असंच परक्या कारकुनाला वाटतं. खोन केनमधल्या एका कार्यालयात बाईंनी माझी दोन्ही कागदपत्रं टेबलावर ठेवली, पट्टी घेतली आणि नावाच्या एकेका शब्दाखाली सरकवत नेली. तिसऱ्या शब्दाला पट्टी थांबली. पदवीवर बाबांचं नाव, पासपोर्टवर नवऱ्याचं. त्यांचा काही दोष नव्हता. विवाह प्रमाणपत्र मी नेलं होतं, पण साक्षांकन न करता. ते परत भारतात, तिथून शिक्के घेऊन पुन्हा थायलंडला, यात सहा आठवडे गेले आणि तेवढा पगारही.

त्यामुळे हे इथंच उरकून घ्या. नावात फरक असेल तर ‘दोन्ही नावं एकाच व्यक्तीची’ असं प्रतिज्ञापत्र करून ठेवा. लग्नाने बदललं असेल तर विवाह प्रमाणपत्राचंही पदवीसोबत साक्षांकन करून घ्या. स्पेलिंग किंवा नावच वेगळं असेल तर महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात नावबदलाची नोंद करा. तो कागद सगळीकडे मानतात.

साक्षांकनाची साखळी अशी असते. प्रथम विद्यापीठाकडून पदवीची पडताळणी. मग राज्य शासनाचं साक्षांकन, ज्याला एजंट लोक ‘एचआरडी’ म्हणतात. त्यानंतर दिल्लीचं परराष्ट्र मंत्रालय, जे नेमून दिलेल्या संस्थांमार्फत कागद स्वीकारतं. इथं दोन फाटे फुटतात. जायचा देश हेग कराराचा, म्हणजे एकमेकांचे सरकारी कागद मानण्याच्या आंतरराष्ट्रीय कराराचा, सदस्य असेल तर मंत्रालय अपॉस्टिलचा स्टिकर लावतं आणि काम संपतं. भारत या करारात २००५ पासून आहे, जपान आणि कोरियाही आहेत. देश सदस्य नसेल, जसा संयुक्त अरब अमिरात, तर मंत्रालयाच्या शिक्क्यानंतर त्या देशाच्या दूतावासाचाही शिक्का लागतो. कुठला फाटा तुमचा, हे कागद देण्याआधीच दूतावासाच्या संकेतस्थळावर बघा. अपॉस्टिल लागलेला कागद अमिरातीच्या कामाला येत नाही आणि सगळं पुन्हा करावं लागतं. मंत्रालयाची अपॉस्टिलची फी प्रत्येक कागदाला फक्त ५० रुपये आहे. एजंटाचे हजारो रुपये जातात ते धावपळीचे. तुम्हाला मुंबईला दोन फेऱ्या मारणं शक्य असेल तर बरेच पैसे वाचतात.

पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट पासपोर्ट सेवा संकेतस्थळावरून काढायचं, फी ५०० रुपये. पासपोर्टवरच्या पत्त्यावर राहत नसाल तर पडताळणी अडकते. हे प्रमाणपत्र जुनं झालं की कोणी घेत नाही, म्हणून बाकी कागद तयार झाल्यावर शेवटी काढा.

थायलंड, पायरी पायरीने

थाय शाळांचं वर्ष मेच्या मध्यावर सुरू होतं, दुसरं सत्र नोव्हेंबरच्या सुरुवातीला. शिक्षकभरती त्याआधीचे दोन-तीन महिने जोरात असते.

पहिली पायरी नोकरी. लेखी करार हातात घ्या आणि त्यात पगार, आठवड्याचे तास, सुट्टीतला पगार आणि व्हिसा-परवान्याचा खर्च कोणाचा, या चार गोष्टी स्पष्ट आहेत का ते पाहा. सुट्टीतल्या पगाराचा मुद्दा विसरू नका. बारा महिन्यांचा करार आणि दहा महिन्यांचा करार यांत फार अंतर आहे. आणखी एक कटू गोष्ट आधीच सांगते: त्याच वर्गाला तेच पुस्तक शिकवणाऱ्या गोऱ्या सहकाऱ्याला तुमच्याहून जास्त पगार असण्याची शक्यता बरीच आहे. मला ते बोचायचं, अजूनही बोचतं. पगार बोलताना बी.एड. आणि अनुभवाची वर्षं पुढे ठेवा, पहिला आकडा मान्य करू नका.

दुसरी पायरी व्हिसा. तुम्हाला हवा असतो ‘नॉन-इमिग्रंट बी’. शाळा तुम्हाला नेमणुकीचं पत्र, शाळेच्या परवान्याची प्रत आणि तिच्यावरच्या शिक्षण कार्यालयाचं पत्र पाठवते. खासगी शाळा असेल तर ते पत्र खासगी शिक्षण आयोगाच्या कार्यालयाचं असतं. हे कागद आल्याशिवाय तिकीट काढू नका. अर्ज थायलंडच्या ई-व्हिसा संकेतस्थळावर ऑनलाइन होतो, आणि महाराष्ट्रातल्यांसाठी मुंबईत थाय महावाणिज्य दूतावास आहे. एका प्रवेशाच्या व्हिसाची फी २,००० बाटच्या (बाट म्हणजे थाय चलन) बरोबरीने रुपयांत भरायची. उतरल्यावर ९० दिवसांचा मुक्काम मिळतो आणि पुढच्या सगळ्या पायऱ्या त्या ९० दिवसांत चढायच्या असतात.

इथं अनेक जण फसतात. भारतीयांना थायलंडमध्ये पर्यटक म्हणून सहज जाता येतं, त्यामुळे शाळा म्हणते, ‘आधी या तर खरं, परवान्याचं नंतर बघू.’ परवान्याशिवाय काम केल्यास थाय कायद्यात ५,००० ते ५०,००० बाट दंड आणि देशाबाहेर रवानगी आहे. दंड मालकालाही होतो, पण विमानात तुम्हाला बसवतात. माझ्या ओळखीची एक मुलगी अशीच चार महिने शिकवत होती. तपासणीचा दिवस आला की शाळा तिला ‘आज येऊ नकोस’ म्हणून निरोप पाठवायची. एका तिमाहीचा पगार बुडाला तेव्हा तक्रार करायला तिला कोणाचंच दार नव्हतं, कारण कागदावर ती तिथं शिकवतच नव्हती.

तिसरी पायरी शिकवण्याची परवानगी. थायलंडमध्ये शिक्षकांची परिषद आहे, तिला कुरुसापा म्हणतात. शाळेत शिकवणाऱ्या प्रत्येकाला तिचा परवाना लागतो. तो लगेच नसेल तर शाळा तुमच्यासाठी तात्पुरती परवानगी मागते. ती साधारण दोन वर्षांची आणि त्याच शाळेपुरती असते. शिक्षणशास्त्राची पदवी असलेल्याला नियमित परवान्याचा रस्ता जवळचा, बाकीच्यांना या दोन वर्षांत पात्रता वाढवावी लागते. विद्यापीठाकडून केलेली पदवीची पडताळणी, जी साक्षांकनाच्या वेळी तुम्हाला कटकट वाटली होती, ती इथं उपयोगी पडते.

चौथी पायरी कामाचा परवाना, रोजगार विभागाचा. यासाठी तिकडच्याच दवाखान्यातून वैद्यकीय दाखला घ्यायचा. त्यात क्षयरोग, कुष्ठरोग, हत्तीरोग, पुढच्या टप्प्यातला सिफिलिस, अमली पदार्थांचं आणि दारूचं व्यसन नाही असं लिहिलेलं असतं. यादी वाचून घाबरू नका, प्रत्येक परदेशी माणसाला हाच दाखला लागतो. वर्षानुवर्षं हा परवाना म्हणजे एक निळी पुस्तिका असायची. आता हे काम ऑनलाइन होऊ लागलं आहे. त्यावर शाळेचं नाव, पत्ता आणि काम लिहिलेलं असतं, आणि तुम्ही तेवढंच काम करू शकता. संध्याकाळी दुसरीकडे शिकवण्या घ्यायच्या असतील तर त्या जागेची वेगळी नोंद हवी.

पाचवी पायरी मुक्काम वाढवून घेणं. इमिग्रेशन कार्यालयात १,९०० बाट भरून एक वर्षापर्यंत मुदत मिळते. त्यानंतर दर ९० दिवसांनी पत्ता कळवायचा. विसरलात तर २,००० बाट दंड. तुम्ही राहायला आल्याची खबर घरमालकाने २४ तासांत इमिग्रेशनला द्यायची असते. तो टीएम ३० नावाचा कागद भरायला मालकाला आठवण करून द्या, नाहीतर मुदतवाढीच्या दिवशी तुमचंच काम अडतं.

आणि सुट्टीत घरी यायच्या आधी री-एंट्री परमिट! एकदाच जाऊन यायचं असेल तर १,००० बाट, कितीही वेळा असेल तर ३,८००. ते न घेता देशाबाहेर पडलात की वर्षाची मुदतवाढ त्या क्षणी संपते. दिवाळीला गावी आलेल्या एका शिक्षकावर असाच पुन्हा पहिल्यापासून व्हिसा काढायचा प्रसंग आला होता.

नोकरी सोडली तर मुक्कामाचा हक्कही नोकरीबरोबर संपतो. म्हणून राजीनामा देण्याआधी नव्या शाळेचे कागद तयार ठेवा आणि जुन्या शाळेने परवाना कोणत्या तारखेला रद्द केला ते लेखी घ्या.

व्हिएतनाम आणि अमिरात

व्हिएतनाममध्ये भाषाकेंद्रात शिकवणाऱ्या, मातृभाषा इंग्रजी नसलेल्या शिक्षकाकडे पदवी, शिकवण्याचं प्रमाणपत्र आणि वरच्या पातळीच्या इंग्रजीचा पुरावा मागतात. इंग्रजी किंवा इंग्रजी अध्यापनाचीच पदवी असेल तर काम सोपं होतं. कामाचा परवाना जास्तीत जास्त दोन वर्षांचा असतो. तिथंही केंद्रवाले पर्यटक व्हिसावर बोलावतात. उत्तर तेच: कागद आधी.

अमिरातीत चित्र वेगळं आहे. तिथं सीबीएसईच्या भारतीय शाळा भरपूर आहेत आणि त्यांना इंग्रजीची पदवी अधिक बी.एड. असलेले शिक्षक लागतात. ‘नेटिव्ह’चा प्रश्नच येत नाही. दुबईत खासगी शाळेतल्या शिक्षकाच्या नेमणुकीला केएचडीए या शासकीय संस्थेची मान्यता लागते, अबुधाबीत एडेकची. पदवी आणि बी.एड. दोन्हींवर अमिरातीच्या दूतावासाचा शिक्का इथून करून न्यायचा, मग तिकडे त्यांच्या परराष्ट्र खात्याचा. एक नियम पाठ करून ठेवा: अमिरातीच्या कामगार कायद्यानुसार भरतीचा खर्च मालकाने करायचा असतो, तो तुमच्याकडून मागणं बेकायदा आहे.

एजंट

भारतात परदेशी नोकरीसाठी माणसं पाठवणाऱ्या एजंटाची नोंदणी प्रोटेक्टर जनरल ऑफ एमिग्रंट्सकडे असावी लागते. नोंदणी क्रमांक विचारा आणि ई-मायग्रेट संकेतस्थळावर स्वतः तपासा. नोंदणीकृत एजंट सेवाशुल्क म्हणून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावर जीएसटी घेऊ शकतो. दोन-तीन लाख मागणारा माणूस तिथंच उघडा पडतो.

थायलंडबाबत आणखी एक सावधगिरी. नोकरीच्या आमिषाने बँकॉकला बोलावून, तिथून माए सोतच्या सीमेवरून म्यानमारमध्ये नेऊन सायबर फसवणुकीच्या कामाला जुंपल्याचे प्रकार घडले आहेत. परराष्ट्र मंत्रालयाने २०२२ पासून याबद्दल इशारे दिले आहेत. शाळेचं नाव सांगत नाहीत, धडा घेऊन दाखवायला सांगत नाहीत, इंग्रजीची परीक्षाही विचारत नाहीत आणि तिकीट मात्र लगेच पाठवतात, असं झालं तर जाऊ नका. खरी शाळा तुमचा धडा बघितल्याशिवाय राहत नाही. शाळेला दिवसा फोन लावा, मुख्याध्यापकांशी व्हिडिओवर बोला, तिथं आधी शिकवणाऱ्या परदेशी शिक्षकाचा संपर्क मागा. परदेशात अडकलात तर मंत्रालयाचं ‘मदद’ संकेतस्थळ आहे. त्यावर नोंदवलेली तक्रार थेट दूतावासाकडे जाते.

तारखा उलट्या मोजा. मेमध्ये वर्गात उभं राहायचं असेल तर व्हिसाचा अर्ज एप्रिलच्या सुरुवातीला, मुलाखती फेब्रुवारी-मार्चमध्ये, पोलीस प्रमाणपत्र फेब्रुवारीअखेर आणि साक्षांकन जानेवारीपर्यंत पूर्ण. साक्षांकनाला दीड-दोन महिने धरा, त्याआधी विद्यापीठातून पदवी मिळायला जेवढा वेळ लागेल तेवढा. म्हणजे पदवीदानाचा तो राहून गेलेला अर्ज गणपतीच्या सुमारासच भरलेला बरा. निघताना सगळी मूळ कागदपत्रं हातातल्या बॅगेत ठेवा, प्रत्येकाच्या चार झेरॉक्स आणि पांढऱ्या पार्श्वभूमीचे दोन डझन फोटो सोबत घ्या. तिकडे प्रत्येक खिडकीवर फोटो मागतात.